पाखरांच्या वहीतील माणूस

सकाळचे नऊ वाजत आलेले असतात. पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभाग असो, सांगलीची किंवा लातूरची पेठ असो, दृश्य फारसे वेगळे नसते. दुकानांची शटरे वर जातात, हमाल पोत्यांची थप्पी लावू लागतात आणि ज्वारी-बाजरीचे दाणे फरशीवर सांडतात. देवदर्शन आटोपून आलेले शेठजी गल्ल्याला हात जोडतात आणि मूठभर ज्वारी पायरीपुढे टाकतात. कबुतरे त्यांच्या पावलांपासून हातभर अंतरावर येऊन टिपू लागतात. चिमण्या थोड्या दूर, पोत्यांच्या आडोशाला असतात. कावळा समोरच्या पाटीवर बसून मान तिरकी करून सारे न्याहाळतो. घार तर आकाशातून खालीच येत नाही.

पेठ एक, माणसे तीच. तरीही प्रत्येक पाखराने माणसापासून राखलेले अंतर वेगळे. हे अंतर योगायोगाने ठरत नाही. पक्षी माणसाचा हिशेब ठेवतात, तो रोज तपासतात आणि गरज पडेल तेव्हा दुरुस्तही करतात. गेल्या चार दशकांत शास्त्रज्ञांनी या हिशेबाचा बारकाईने अभ्यास केला आहे. जीवदयेची परंपरा सांगणाऱ्या घरांनी तो समजून घ्यावा, असे त्यात बरेच काही आहे.

उडण्याचा जमाखर्च

माणूस सरळ चालत येत असताना पक्षी ज्या अंतरावर उडतो, त्याला ‘उड्डाण-अंतर’ म्हणता येईल. ते मोजण्यास यंत्र लागत नाही. संशोधक ठरावीक चालीने पक्ष्याकडे चालत जातो, पक्षी उडाला की थांबतो आणि मधले अंतर मोजतो. अशा मोजण्या जगभर झाल्या आहेत. त्यांतून दिसते की साधारणपणे मोठ्या अंगाचे पक्षी लवकर उडतात, तसेच एकाच जातीचे खेड्यातील पक्षी शहरातील पक्ष्यांपेक्षा लांबूनच उडून जातात.

पक्षी दिसताक्षणीच का उडत नाही, या प्रश्नाचे उत्तर कॅनडातील रोनाल्ड यडेनबर्ग आणि लॉरेन्स डिल या दोन शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडले. त्यांनी त्यासाठी चक्क अर्थशास्त्राची भाषा वापरली. पळण्यालाही खर्च येतो. समोरचा दाणा सुटतो, पंखांची शक्ती खर्ची पडते, घरट्यातील अंडी उघडी राहतात. थांबण्यालाही खर्च आहे; तो म्हणजे जिवाची जोखीम. माणूस जसजसा जवळ येतो तसतशी जोखीम वाढत जाते, आणि ती पळण्याच्या खर्चाला गाठते त्या क्षणी पक्षी उडतो. नफा-तोट्याची तोंडमिळवणी करणाऱ्या व्यापाऱ्याला हा विचार परका वाटू नये.

या हिशेबातून एक अनपेक्षित निष्कर्ष पुढे आला. ग्लासगो विद्यापीठाचे कॉलिन बील आणि पॅट मोनाहन यांनी समुद्रकिनारी चरणाऱ्या टर्नस्टोन नावाच्या छोट्या पक्ष्यांवर प्रयोग केला. काही पक्ष्यांना त्यांनी काही दिवस जादा खाद्य पुरविले, काहींना पुरविले नाही. त्यानंतर माणूस जवळ गेला तेव्हा भरल्या पोटाचे पक्षी लवकर आणि दूर उडाले; अर्धपोटी पक्षी मात्र माणूस बराच जवळ येईपर्यंत चरत राहिले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ स्पष्ट आहे. जो पक्षी हलत नाही तो निर्धास्त असतोच असे नाही. कदाचित त्याला उडणे परवडत नसते.

अंगणात किंवा पायरीवर पाखरू जवळ आले की मन सुखावते आणि ‘त्याला आपला लळा लागला’ असे म्हणण्याचा मोह होतो. या मोहाला इथे थोडा लगाम बसतो. चिली देशात अंड्यांवर बसलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा १५० मीटरवरून जाणाऱ्या माणसामुळेही ते वाढत असल्याचे आढळले. बाहेरून पाहणाऱ्याला पेंग्विन शांतच बसलेला दिसे. बाल्कनीतील कुंडीत घरटे केलेल्या बुलबुलाचे छायाचित्र काढण्यासाठी वारंवार डोकावणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चेहऱ्याची ओळख

पक्ष्याच्या लेखी सगळी माणसे सारखी नसतात. अमेरिकेतील सिॲटल शहरात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, त्यांच्या पायांत ओळखीची कडी अडकवली आणि त्यांना सोडून दिले. पुढे तोच मुखवटा घालून कुणीही विद्यापीठाच्या आवारात फिरले की कावळे गोळा होऊन कर्कश ओरडत. दुसरा मुखवटा घातलेल्या माणसाकडे मात्र ते फारसे लक्ष देत नसत. वर्षे लोटली तरी हा राग ओसरला नाही. उलट ओरडणाऱ्या कावळ्यांची संख्या वाढत गेली. जे स्वतः कधी पकडले गेले नव्हते, तेही इतरांकडून तो चेहरा शिकले होते.

कावळा हुशारच, असे कोणी म्हणेल. परंतु फ्लोरिडा विद्यापीठातील २००९ चा अभ्यास मॉकिंगबर्ड या साध्या बागेतील पक्ष्याचा आहे. एक व्यक्ती सलग चार दिवस रोज केवळ अर्धा मिनिट घरट्याजवळ उभी राहिली. दिवसागणिक पक्षी तिला पाहून अधिक लांबूनच उडू लागला. पाचव्या दिवशी निराळी व्यक्ती आली, तेव्हा तो पुन्हा पहिल्या दिवसासारखाच वागला. आवारातून रोज हजारो विद्यार्थी ये-जा करीत असताना घरट्याला धोका असलेला एक माणूस त्याने नेमका वेगळा काढला होता.

कबुतराविषयीचा प्रयोग पॅरिसमधील आहे. दोन स्त्रिया निरनिराळ्या रंगांचे डगले घालून बागेत दाणे टाकीत. एक शांत राही, दुसरी कबुतरांना हुसकावून लावी. काही दिवसांनी दोघींनीही शांत राहायचे ठरविले, तरी कबुतरे दुसरीपासून दूरच राहिली. दोघींनी डगल्यांची अदलाबदल करूनही ती फसली नाहीत. कपड्यांवर न जाता त्यांनी माणूस ओळखला होता. दुकान उघडण्यापूर्वीच ठरावीक पायरीपुढे जमणारी कबुतरे कुणाची वाट पाहतात, हे यावरून समजते.

माणसाची नजरही पक्ष्यांना कळते. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात साळुंकीच्या कुळातील स्टारलिंग पक्ष्यांपुढे खाद्याची बशी ठेवली गेली. समोरचा माणूस बशीकडे टक लावून पाहत असेल तर पक्षी पुढे येण्यास वेळ घेत; त्याने नजर दुसरीकडे वळवली की लवकर येऊन खात. पाणी ठेवावे आणि नजर वळवून बाजूला व्हावे, या साध्या शिष्टाचाराला असा शास्त्राचा आधार आहे.

शहराने घडविलेले पाखरू

पिढ्यानपिढ्या माणसांत राहणाऱ्या पक्ष्यांच्या स्वभावातही बदल दिसतो. युरोपातील ब्लॅकबर्ड हा मूळचा रानातील लाजरा पक्षी. एकोणिसाव्या शतकात तो शहरांत राहू लागला. जर्मनीतील येस्को पार्टेके यांनी म्युनिक शहरातील आणि रानातील घरट्यांतून या पक्ष्याची पिल्ले आणून एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने वाढविली. मोठी झाल्यावर त्यांना थोडा वेळ हातात धरले असता शहरी कुळातील पक्ष्यांच्या रक्तात ताणाचे संप्रेरक कमी वाढले. पालनपोषण सारखे होते, म्हणजे हा फरक बहुधा रक्तातूनच आलेला होता.

अर्जेंटिनामध्ये जमिनीत बिळे करून राहणाऱ्या घुबडांची पाहणी झाली, तेव्हा प्रत्येक घुबडाचे उड्डाण-अंतर वर्षानुवर्षे जवळपास तेच राहते असे दिसले. एखादे जन्मतः धीट, एखादे भित्रे. मग शहरात कोण टिकते? जे मुळातच धीट असते ते. भित्रे पक्षी आरडाओरडा न करता निघून जातात आणि ते गेल्याची नोंद कुणी घेत नाही. आपल्या वस्तीत पाखरे माणसाळली आहेत असे आपण कौतुकाने म्हणतो. त्यामागे न माणसाळलेल्या किती जाती नाहीशा झाल्या, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

गाणेही बदलते. हॉलंडमधील लायडन शहरात २००३ मध्ये असे आढळले की वाहनांच्या घरघरीत राहणारे ग्रेट टिट पक्षी शांत भागातील आपल्या भाऊबंदांपेक्षा उंच पट्टीत गातात, कारण खालचे सूर गोंगाटात बुडून जातात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, तेव्हा तेथील पांढऱ्या तुऱ्याच्या चिमण्या हळू आवाजात गाऊ लागल्या. तरीही त्यांचे गाणे पूर्वीच्या दुप्पट अंतरावर पोहोचू लागले. म्हणजे माणसाने हातात दगड घेतला नाही, दाणाही टाकला नाही, तरी त्याचे नुसते असणेच पक्ष्याच्या कंठापर्यंत पोहोचलेले असते.

मूठभर दाण्यांचा विस्तार

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की घराघरांत गेले वर्षभर तावातावाने बोलल्या जाणाऱ्या विषयाकडे शांतपणे पाहता येते. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश राज्य सरकारने महापालिकेला दिले. दादरच्या जुन्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, लोक रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याला अग्रक्रम दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अनेक कुटुंबांना हा श्रद्धेवरचा आघात वाटला. कबुतरखान्यांशेजारी राहणाऱ्या आणि दम लागून रुग्णालयाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या माणसांची बाजूही तितकीच खरी होती. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेचे आणि पिसांचे सूक्ष्म कण सतत श्वासातून गेल्यास काही व्यक्तींच्या फुप्फुसांना ॲलर्जीमुळे सूज येते, आणि संपर्क चालूच राहिला तर झालेली हानी कायमची ठरू शकते. श्वास कोंडलेला शेजारी हाही जीवच आहे; जीवदयेच्या वहीत त्याचेही पान असले पाहिजे.

आता कबुतराची बाजू पाहू. हा मूळचा कड्यांच्या कपारीत राहणारा पक्षी. उंच इमारतींचे सज्जे आणि वातानुकूलन यंत्रांमागच्या फटी हे त्याच्या दृष्टीने आयते कडेच होत. शिवाय निसर्गाने त्याला एक खास सोय दिली आहे. नर आणि मादी दोघेही गळ्यातील अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव पिलांना भरवितात. त्यामुळे पिलांसाठी किडे शोधत फिरण्याची गरज उरत नाही. मादी एका वेळी दोन अंडी घालते, सुमारे अठरा दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि धान्याचा पुरवठा अखंड असेल तर वर्षभर एकामागून एक वीण होत राहते. रोज ठरावीक जागी पडणारे पोतेभर धान्य भुकेल्या कबुतरांचे पोट भरून संपत नाही. ते पुढल्या पिढीची संख्या ठरविते. त्या पिढीला मग अधिक धान्य लागते, दाटीवाटीत रोग आणि उवा-पिसवा वाढतात, आणि कधीतरी पुरवठा थांबला की सर्वांत आधी पिल्ले दगावतात.

स्वित्झर्लंडमधील बासेल शहराचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारण्यात आली, तरी संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली. मेलेल्यांची जागा नवी भरून काढीत. पुढे जीवशास्त्रज्ञ डॅनियल हाग-वाकरनागल यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये निराळा मार्ग धरला गेला. अति दाणे टाकल्याने कबुतरांचेच कसे हाल होतात, हे नागरिकांना पत्रके आणि फलकांद्वारे समजावले गेले. देखरेखीखालील खुराडी उभारण्यात आली. तेथून अंडी काढली जात, हा भाग अहिंसेच्या कसोटीवर खटकणारा आहे. पण संख्या घटली ती मुख्यतः लोकांनी हात आवरल्यामुळे. सुमारे चार वर्षांत वीस हजारांची दहा हजार झाली. एक लाख हत्यांनी जे साधले नाही, ते समजुतीने साधले. अहिंसेच्या बाजूने याहून भक्कम पुरावा शोधावा लागणार नाही.

दाण्याने संख्या बदलते, तसा स्वभावही बदलतो. दिल्लीत निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घारींच्या घरट्यांचा अभ्यास केला. जुन्या दिल्लीत घारींसाठी मांसाचे तुकडे आकाशात उडविण्याची प्रथा आहे. जेथे असे खाद्य आणि उघडा कचरा भरपूर, तेथील घारी घरट्याजवळ येणाऱ्या माणसावर अधिक त्वेषाने झेपावतात, असे त्यांना आढळले. माणसाची भीती खाद्याने पुसली गेली होती. मुंबईत हिवाळ्यात गेटवे ते घारापुरी या बोटींमागे कुरव पक्ष्यांचे थवे लागतात आणि प्रवासी हौसेने शेव, वेफर उधळतात. पाहुण्या पक्ष्यांना तळलेले, खारे पदार्थ चारणे हे त्यांचे आतिथ्य नव्हे.

चिमणीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिच्यासाठी दाणे ठेवले जातात, पण तिच्या पिलांना पहिल्या दिवसांत दाणे चालतच नाहीत. त्यांना अळ्या आणि मऊ किडे लागतात. फवारणी केलेल्या, परदेशी शोभेच्या झाडांनी नटलेल्या सोसायटीत तिला ते मिळत नाहीत. वाड्यांच्या वळचणी आणि भिंतीवरच्या तसबिरींमागच्या सांदी गेल्या, तशी घरट्याची जागाही गेली. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो, तो या दुराव्याकडे लक्ष वेधण्यासाठीच. कबुतराला आपण प्रमाणाबाहेर देतो आणि चिमणीला तिच्या उपयोगाचे काहीच देत नाही. दोन्हींत भावना चांगली असते, पण दोन्हींत माहिती अपुरी असते.

जयणेने दिलेले दान

जैन परंपरेने दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिले आहे आणि प्रत्येक कृती जयणेने, म्हणजे जिवांचे भान राखून करावी असे सांगितले आहे. पाणी गाळून घेणारे, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणारे घर दाणे टाकतानाच तेवढे बेसावध का असावे? दान बंद करावे असा याचा अर्थ नाही. दानाचे रूप बदलावे, इतकेच.

उन्हाळ्यात सावलीत ठेवलेले, दोन बोटे खोल पाण्याचे मातीचे पसरट भांडे कुणाही पक्ष्याच्या उपयोगाचे असते. ते मात्र रोज घासून पाणी बदलावे, अन्यथा तेच रोगाचे ठिकाण होते. रोज पोतेभर धान्य ओतणाऱ्यांनी एका दिवसात हात आखडता घेण्याऐवजी टप्प्याटप्प्याने प्रमाण कमी करावे, म्हणजे घरट्यातील पिलांवर अवकळा येत नाही. इमारतीची रंगरंगोटी किंवा पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी काढताना आधी घरटी पाहून घ्यावीत, कारण कावळ्यांसह अनेक पक्ष्यांची वीण नेमकी त्याच सुमारास असते. पिसे फुटलेले पिलू जमिनीवर दिसले तर ते बहुधा उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात. त्याला उचलून घरात आणू नये. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. संक्रांतीला तो आपल्या दुकानात विकला जाणार नाही आणि आपल्या गच्चीवर येणार नाही, एवढे तरी प्रत्येक व्यापारी घर ठरवू शकते. जखमी पक्ष्यांसाठी दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात चालणारे रुग्णालय हा समाजाचा आदर्शच आहे. बरे झालेले पाखरू तेथे पिंजऱ्यात ठेवले जात नाही. आकाशात सोडले जाते.

आणि शेवटी एक झाड. वड, पिंपळ, उंबर यांची फळे श्रावक वर्ज्य मानतो, कारण त्यांत सूक्ष्म जीव असतात. पाखरांसाठी मात्र हीच झाडे मोठी अन्नछत्रे आहेत. देवळाच्या, पांजरपोळीच्या किंवा गोदामाच्या मोकळ्या जागेत असे एक झाड वाढविले तर तांबट, कोकीळ, बुलबुल आणि साळुंक्या तेथे आपापल्या वेळी येतात. त्यांच्याबरोबर आणखी एक पक्षी येतो. तोही कबुतराच्याच कुळातला. अंगावर हिरवी-पिवळी झाक, पाय हळदीसारखे पिवळे. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. तो फारसा जमिनीवर उतरत नाही, माणसाच्या पायरीशी येत नाही, कुणाच्या मुठीची वाट पाहत नाही. वडाच्या पानांत तो असा मिसळतो की खाली उभ्या माणसाला सहसा दिसतही नाही. झाड लावणाऱ्याचे नाव त्याच्या वहीत कदाचित कधीच चढणार नाही. फळे पिकली की तो येईल, पोटभर खाईल आणि आपल्याला हवे तेवढे अंतर राखून उडून जाईल.